माझा अनुभव: डॉकर, फायरवॉल आणि आमच्या भोसरीच्या सर्व्हरमधला फुकटा भाडेकरू

"सर, फायरवॉल ॲक्टिव्ह आहे, बाहेरून काही येऊच शकत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणी फायरवॉल (म्हणजे नेटवर्कचा वॉचमन) शब्द काढला तरी डोकं तापतं. म्हणून लिहून काढतोय, दुसऱ्या कोणाचा तरी वेळ वाचेल.

मी काही कॉम्प्युटरवाला नाही. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये परचेस आणि अकाउंट्स बघतो, पण प्रिंटर अडकला तरी मलाच हाक मारतात त्यामुळे सर्व्हरही हळूहळू माझ्याच गळ्यात पडला. सर्व्हर म्हणजे साधं चार कोअरचं डेस्कटॉप मशीन, त्यावर उबंटू २०.०४ (लिनक्सचाच एक प्रकार), सांबावर (नेटवर्कवर फाइली शेअर करायची सोय) सगळी ड्रॉइंग्ज आणि डॉकरमध्ये जॉब कार्डचा प्रोग्राम, त्याच्यामागे पोस्टग्रेस डेटाबेस. डॉकर म्हणजे प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय, त्या डब्याला कंटेनर म्हणतात. हे सगळं एका व्हेंडरने बसवून दिलेलं, वर्षाचं एएमसी (देखभालीचा करार) पण घेतो. शेठना घरून जॉब कार्ड बघायची असतात म्हणून त्यानेच स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घ्यायला लावला आणि राउटरमध्ये डीएमझेड नावाची एक सेटिंग चालू करून ठेवली, म्हणजे बाहेरून जे काही येईल ते थेट सर्व्हरकडे. हे मला फार नंतर कळलं.

सुरुवात झाली ती शॉपफ्लोअरवरून. ऑपरेटर म्हणायला लागले ड्रॉइंग उघडायला वेळ लागतोय, सीएनसी सेटअप करून माणूस नुसता उभा. शेठचं म्हणणं मशीन जुनं झालं, नवीन घेऊ. मी टॉप कमांड (कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी) मारली तर सगळ्यात वर केडेव्हटीएमपीएफएसआय नावाची एक प्रोसेस, सीपीयू ३९० टक्के (एका कोअरचे १०० धरतात, म्हणजे चारही कोअर जवळजवळ भरलेले). युजरच्या रकान्यात 'सिस्टमडी' आणि पुढे अधिकचं चिन्ह. व्हेंडरला फोन केला तर म्हणे सिस्टमचीच प्रोसेस आहे, नाव बघा ना, आणि लिनक्सला व्हायरस लागत नाही सर.

आता हे नावच फसवं आहे. लिनक्समध्ये केडेव्हटीएमपीएफएस नावाचा खरा कर्नल थ्रेड (सिस्टमच्या गाभ्याची स्वतःची प्रोसेस) असतो, ह्यात शेवटी फक्त एक 'आय' जास्त. खरे कर्नल थ्रेड पीएसच्या (चालू प्रोसेसच्या) यादीत चौकोनी कंसात दिसतात आणि मेमरी खात नाहीत. हा कंसात नव्हता आणि मेमरीही भरपूर खात होता. सोबत किन्सिंग नावाची दुसरी प्रोसेस होती, तिचं काम एवढंच की पहिली मेली की परत उभी करायची. दोघं मिळून मोनेरो नावाचं क्रिप्टो नाणं खणतात, म्हणजे सीपीयूवर हिशोब करून कमावतात. त्या नाण्याचा हिशोब साध्या सीपीयूवरही परवडतो, ग्राफिक कार्ड लागत नाही, म्हणून आमच्यासारख्यांचे सर्व्हर ह्या लोकांना बरे पडतात. खण त्यांची, वीजबिल आमचं.

दोन्ही किल केल्या, थोड्या वेळाने येरे माझ्या मागल्या. सगळीकडे उपाय लिहिलेला एकच, टीएमपी (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमधल्या दोन फाइली उडवा आणि क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) साफ करा. आमच्या टीएमपीत त्या फाइलीच नाहीत! क्रॉनटॅब रिकामा, रूटचाही (सगळे अधिकार असलेल्या युजरचाही) रिकामा. प्रोसेसची पाळंमुळं बघायला प्रॉकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती जिथे दिसते तिथे) तिच्या नंबराच्या फोल्डरात गेलो तर 'एक्सई'ची लिंक सांगते फाइल टीएमपीतच आहे. आणि टीएमपीत बघावं तर काही नाही. इथे माझं डोकं बंद पडलं.

मग एका ओळखीच्या पोराने पुण्यातल्या लिनक्सवाल्यांशी गाठ घालून दिली. त्यात एक कोथरूडचे रिटायर्ड काका आहेत आणि एक मगरपट्ट्यात नोकरी करणारी ताई. दोघांनीही एक पैसा घेतला नाही, पण काकांचा पहिला प्रश्नच असा की घाम फुटावा. "काय बदललं होतंस त्याच्या आधी? आणि स्क्रीनचे फोटो पाठवू नकोस, मजकूर पाठव, मला चष्मा आहे." मी म्हटलं काका, मी काही बदललेलं नाही, बसवलं व्हेंडरने. "मग त्याने काय बसवलंय ते तरी माहितीये का तुला?" माहिती करून घेतली. कंपोज फाइल (कोणता कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली), डॉकर पीएसची यादी (चालू कंटेनर), एसएसची यादी (मशीनचे कोणते पोर्ट, म्हणजे दारं, उघडी आहेत), यूएफडब्ल्यू (उबंटूची फायरवॉल) स्टेटस, सगळं एका टेक्स्ट फाइलीत टाकून पाठवलं आणि खरंच सांगतो, अर्ध्या तासात उत्तर आलं. कोणाची मदत मागायची असेल तर हे आधी करा, 'सर्व्हर स्लो आहे प्लीज हेल्प' असं लिहिलं की लोक वाचून पुढे जातात, आणि त्यांचं बरोबरच आहे. फक्त पासवर्ड आणि आपला आयपी खोडून पाठवा.

ताईने एकच कमांड सांगितली, त्या प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरातली सीग्रुप फाइल (प्रोसेस कोणत्या गटातली ते सांगणारी) वाच. त्यात ओळीच्या शेवटी 'डॉकर' आणि पुढे लांबलचक आयडी. तो आयडी पोस्टग्रेसच्या कंटेनरचा निघाला. म्हणजे फाइल टीएमपीतच होती, पण कंटेनरच्या आतल्या टीएमपीत, मी बघत होतो बाहेरच्या. आणि ते युजरचं कोडं पण सुटलं: कंटेनरमध्ये पोस्टग्रेस युजरचा नंबर ९९९, आमच्या उबंटूवर ९९९ नंबर सिस्टमडी-कोअरडंप नावाच्या युजरचा, म्हणून टॉप बिचारं त्याचं नाव दाखवत होतं. व्हेंडर त्या नावावर विसंबून मोकळा झालेला.

कंटेनर नुसता रीस्टार्ट केला तर ती फाइल तिथेच राहते, काढून नवीन बनवला तर जाते कारण डेटा वेगळ्या व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेरच्या साठ्यात) असतो. तसं केलं. मशीन एकदम शांत, पंख्याचा आवाजसुद्धा गेला, शेठ खूष, मी पण घरी लवकर गेलो. सकाळी आलो तर पाहुणे परत हजर.

आता इथून पुढचं खरं दुखणं. काका म्हणाले दार उघडं आहे, ५४३२ पोर्ट (पोस्टग्रेसचं दार) बाहेरून दिसतोय का बघ. मी यूएफडब्ल्यू स्टेटस बघितलं: ॲक्टिव्ह, डिफॉल्ट डिनाय (न सांगितलेलं सगळं बंद), फक्त २२ (एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन) आणि ४४३ (वेब) चालू. ५४३२ चं नावसुद्धा नाही. व्हेंडरला विचारलं, त्याने तेच वाक्य ऐकवलं. मी हळू आवाजात सांगितलं की मग आत कसे येतायत, तर म्हणे तुमच्या कोणीतरी पेनड्राइव्ह लावला असेल. वर्कशॉपमध्ये त्या सर्व्हरचे यूएसबी कव्हरमागे आहेत हो! शेठ माझ्याकडे संशयाने बघायला लागले ते वेगळंच. मी यूएफडब्ल्यू बंद करून चालू केलं, ५४३२ साठी वेगळा डिनाय नियम टाकला, मशीन रीबूट केलं. स्टेटसमध्ये आता अगदी ठसठशीत लिहून येत होतं की ५४३२ डिनाय. आणि थोड्या वेळाने परत ३९० टक्के. ह्या सगळ्यात व्हेंडरने तिकीट बंद पण करून टाकलं, कारण 'फायरवॉल व्हेरिफाइड'.

काका फोनवर म्हणाले, "अरे आत बसून दार लागलंय का काय बघतोस? बाहेर जाऊन ढकल." म्हणजे ऑफिसचं नेट सोडून, मोबाइल डेटावर लॅपटॉप जोडून, एनसी कमांडने आपल्याच स्टॅटिक आयपीचा ५४३२ पोर्ट तपासायचा. तपासला. 'सक्सीडेड', म्हणजे दार उघडं. मी गेटबाहेर टपरीवर उभा होतो, चहावाल्याने विचारलं काय झालं म्हणून, एवढ्या मोठ्याने मी काहीतरी बोललो असेन.

कारण असं आहे. कंपोज फाइलमध्ये व्हेंडरने पोर्ट्सखाली ५४३२ कोलन ५४३२ लिहिलेलं. असं लिहिलं की डॉकर स्वतः आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मुळातल्या फायरवॉलमध्ये) नियम घालतो आणि बाहेरून आलेलं पॅकेट कंटेनरकडे वळवतो. वळवलेलं पॅकेट जातं फॉरवर्डच्या (पुढे पाठवायच्या) नियमांच्या साखळीतून, तिथेही डॉकरचे नियम पुढे, आणि यूएफडब्ल्यूचे आपण घातलेले नियम असतात इनपुटच्या (खुद्द मशीनसाठी आलेल्या) साखळीत. पुढच्या गेटवर वॉचमन रजिस्टर घेऊन बसलाय आणि माल मागच्या शटरने चाललाय, त्यातला प्रकार. यूएफडब्ल्यू खोटं बोलत नाही, त्याला माहितीच नाही. आणि हे काही गुपित नाही, डॉकरच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. एएमसी घेणाऱ्याने ते वाचायला नको? पैसे कशाचे घेतो?

आत आल्यावर पुढचं सोपं होतं. पासवर्ड होता पोस्टग्रेस, हो तोच, युजरचं नाव तेच आणि पासवर्डही तोच. पोस्टग्रेसमध्ये ९.३ आवृत्तीपासून 'कॉपी फ्रॉम प्रोग्रॅम' अशी सोय आहे, सुपरयुजर (डेटाबेसचे सगळे अधिकार असलेला) असेल तर डेटाबेसमधून थेट शेल कमांड चालवता येते. आणि डॉकरमधला हा पहिला युजर सुपरयुजरच असतो.

उपाय दोन ओळींचा. एक तर पोर्ट्सच्या पुढे १२७.०.०.१ लावायचं म्हणजे पोर्ट फक्त त्या मशीनवरच उघडतो, किंवा ते पोर्ट्स सरळ काढूनच टाकायचे, कारण एकाच कंपोज फाइलमधले कंटेनर एकमेकांशी नावाने बोलतात, त्यांना बाहेरचं दार लागतच नाही. मी काढून टाकले. परत टपरीवर जाऊन एनसी मारलं, ह्या वेळी टाइमआउट. तो टाइमआउट बघून जो काही आनंद झाला तो बॅलन्सशीट टॅली झाल्यावरही होत नाही.

अजून एक ठेच लागण्यासारखी जागा: कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेसचा पासवर्ड बदलला की झालं असं वाटतं, तसं नसतं. तो पासवर्ड फक्त डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार होताना लागू होतो. नंतर डेटाबेसच्या आत जाऊन ऑल्टर युजरनेच बदलावा लागतो. ताईने हे आधीच सांगितलं नसतं तर मी नवीन पासवर्ड रजिस्टरमध्ये लिहून निवांत बसलो असतो. आणि युजरची यादी पण बघा, आपण न बनवलेला कोणी सुपरयुजर आत बसलाय का.

काकांचं म्हणणं मात्र ठाम, एवढ्यावर थांबायचं नाही, मशीन फॉरमॅट. कंटेनर प्रिव्हिलेज्ड (जादा अधिकारांचा) नव्हता, डॉकरचं सॉकेट (डॉकरला हुकूम द्यायचा रस्ता) आत दिलेलं नव्हतं, म्हणजे बहुतेक बाहेर पडले नसतील, पण बहुतेकवर ड्रॉइंग्ज ठेवायची नाहीत. शिवाय उबंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपलेला. शेठ म्हणाले चालू आहे ना, मग कशाला? त्यांना मी काकांनी सांगितलेली गोष्ट ऐकवली की २०२४ च्या मार्चमध्ये एका पोस्टग्रेसच्याच डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खणत गेला आणि एक्सझेड नावाच्या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलमध्ये लपवलेलं मागचं दार सापडलं. आमचं मशीन तर दिवसेंदिवस रडत होतं. शेठ ऐकले, पण खरं सांगायचं तर गुरुवारी वर्कशॉपला सुट्टी असते आणि काम अडणार नाही हे कळलं म्हणून ऐकले.

उबंटू २४.०४ बसवायला काही त्रास झाला नाही. डेटाबेसचं जुनं व्हॉल्यूम उचलून आणलं नाही, डंप (डेटाची काढलेली प्रत) घेऊन नव्यात भरला. फक्त एसएसएचमध्ये एक गंमत. पासवर्डने लॉगिन बंद केलं, त्याऐवजी 'की' (डिजिटल किल्लीची फाइल) वापरायची असं ठरवलं, मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये 'नो' लिहिलं, तरी पासवर्ड विचारतोच! इन्स्टॉलरने बाजूच्या फोल्डरात क्लाउड-इनिट नावाची एक फाइल ठेवलेली असते, त्यात 'येस' लिहिलेलं, आणि एसएसएच जे पहिलं वाचतो तेच धरतो. शेवटी लागू काय झालंय ते एसएसएचडी डॅश कॅपिटल टी मारून बघायचं, फाइल बघून नाही. आणि हे करताना एक जुनं सेशन उघडं ठेवा, नवीन खिडकीतून लॉगिन होतंय हे बघितल्याशिवाय ते बंद करू नका. नाहीतर लॉगिन बंद पडून मशीनपर्यंत स्वतः जावं लागेल आणि सुट्टीच्या दिवशी नाशिक फाट्याचा ट्रॅफिक आहेच.

राउटरचं डीएमझेड बंद केलं. शेठसाठी वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटमध्ये यायचा सुरक्षित रस्ता) लावलं, बाहेर एकच यूडीपी पोर्ट, ५१८२०. फोनवर क्यूआर स्कॅन केला, झालं. ते अजूनही रोज एकदा विचारतात की हे बटण चालू ठेवायचं का बंद. ठेवा चालू.

ताईने आणखी एक आठवण करून दिली, सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, छोट्या कंपन्यांना पण. शेठ म्हणाले पोलीस-बिलीस येतील का? नाही येत, मेल करायचा असतो. केला. लॉग आता वेगळ्या डिस्कवर जातात.

व्हेंडरचं एएमसी ह्या वर्षी रिन्यू केलं नाही. त्याचा जुना लॉगिन मशीनवर होता, सुडोमध्ये (रूटचे अधिकार वापरू शकणाऱ्यांत) नाही म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं, पण डॉकर ग्रुपमध्ये होता आणि डॉकर ग्रुपमधला युजर म्हणजे रूटच समजा, तो अख्खी डिस्क कंटेनरमध्ये माउंट करू शकतो. तुमच्याकडे कोणी सोडून गेलेलं असेल तर ती यादी आजच बघा, कमांड आहे गेटएंट ग्रुप डॉकर.