पेनेलेहच्या गल्लीतले घर कागदावर येताना

सुराबाया हे इंडोनेशियातील जकार्ताखालोखालचे मोठे शहर आणि त्याच्या ऐन मध्यभागी, कालीमास नदीच्या जवळ, पेनेलेह ही जुनी वस्ती आहे. शहराच्या पोटात गल्ल्यागल्ल्यांनी वसलेल्या अशा वस्तीला तिथे कांपुंग म्हणतात. स्वातंत्र्यपूर्व काळातील नेते चोक्रोअमिनोतो यांचे घर याच वस्तीतील सातव्या गल्लीत होते आणि पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सुकार्नो शाळकरी वयात त्यांच्याकडे राहून शिकत होते. माझे सासर त्याच परिसरात आहे. आमच्या दारासमोरची गल्ली इतकी अरुंद आहे की समोरासमोर आलेल्या दोन मोटारसायकलींपैकी एकीला थांबावे लागते. अर्थात गल्लीत शिरताना इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यायची, असा फलक तोंडाशीच लावलेला आहे आणि तो सगळे पाळतात.

सासरे गेल्यानंतर घराची कागदपत्रे नीट करण्याचे काम माझ्याकडे आले. लग्नापूर्वी पुण्यात मी एका वकिलांच्या कार्यालयात मिळकतींचे कागद पाहत असे, त्यामुळे सासूबाईंनी कपाटातली पत्र्याची पेटी विश्वासाने माझ्यापुढे ठेवली. पेटीत दरवर्षीच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या, विजेची जुनी बिले होती आणि सर्वांत खाली आजेसासऱ्यांच्या नावाचा, घड्यांवर फाटलेला एक कागद होता. त्याला पूर्व जावामध्ये पेतोक डे म्हणतात. जकार्तात अशाच प्रकारच्या कागदाला गिरिक हे नाव आहे. हा मुळात जमिनीच्या कराचा दाखला आहे आणि त्याची जोडनोंद केलुराहानमधील, म्हणजे प्रभाग कार्यालयातील, लेटर चे नावाच्या वहीत असते. आपल्याकडे मिळकत पत्रिकेवर नाव असणे आणि नुसती घरपट्टी भरणे यांत जो फरक आहे, तोच फरक तिथे मालकीचे प्रमाणपत्र आणि पेतोक यांच्यात आहे. तरीही पिढ्यान् पिढ्या घरे याच कागदावर वाटली गेली, विकली गेली, आणि गल्लीत कोणाला त्यात काही उणे वाटले नाही.

आता मात्र थांबून चालणार नव्हते. 2021 च्या सरकारी नियमावलीने अशा जुन्या कागदांच्या धारकांना जमिनीची नोंदणी करून घेण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली होती आणि ती 2 फेब्रुवारी 2026 रोजी संपणार होती. त्यानंतर पेतोक हा हक्काचा पुरावा मानला जाणार नाही, फक्त नोंदणीच्या वेळी दिशादर्शक म्हणून पाहिला जाईल, असे त्यात म्हटले होते. गल्लीत यावरून अफवा पसरली की सरकार जमिनी काढून घेणार आहे. तसे नियमावलीत कुठेही नव्हते, परंतु वयस्क माणसे रात्री झोपेनाशी झाली होती. सुदैवाने आमच्या भागात त्याच सुमारास पे-ते-एस-एल ही सामूहिक नोंदणीची योजना आली. एकेकाने स्वतंत्र अर्ज करण्याऐवजी या योजनेत संपूर्ण प्रभागातील जमिनी एकत्रितपणे मोजल्या आणि नोंदवल्या जातात. जावा आणि बाली बेटांवर तिच्या पूर्वतयारीचा खर्च प्रत्येक जमिनीमागे 1,50,000 रुपिया इतका ठरवून दिलेला आहे, तर भूमी कार्यालयाच्या मोजणीचा आणि प्रमाणपत्राचा खर्च सरकार करते.

पहिला प्रश्न माझ्याच नागरिकत्वाचा निघाला. 1960 च्या मूलभूत भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकीचा हक्क, ज्याला हाक मिलिक म्हणतात, तो परकीय व्यक्तीला मिळत नाही. तो वारशाने किंवा विवाहातील सामाईक मालमत्तेमुळे परकीयाकडे आलाच, तर एका वर्षाच्या आत सोडून द्यावा लागतो. वारशाने आलेली मालमत्ता ज्याची त्याचीच राहते हे 1974 च्या विवाह कायद्यात स्पष्ट आहे, त्यामुळे सासऱ्यांच्या घरातील नवऱ्याच्या हिश्श्याला माझ्यामुळे बाध येत नव्हता. परंतु पुढे घर वाढवले, दुरुस्तीसाठी कर्ज काढले किंवा एखादा हिस्सा विकत घेतला, तर शंका उपस्थित झाली असती. अशा दांपत्यांना मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागे. 2016 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो लग्नानंतरही करता येईल असा निर्णय दिला. आम्ही नोटरीकडे जाऊन तसा करार केला आणि त्याची विवाहनोंदीत दखल घ्यायला लावली. इंडोनेशियात लग्न करून गेलेल्या भारतीय मुलींना मी हे आवर्जून सांगते, की घराचा विषय निघण्याची वाट न पाहता हा करार आधी करून घ्यावा.

दुसरा प्रश्न नावांचा होता आणि त्याने मला बराच काळ गुंतवून ठेवले. जावामध्ये अनेकांना आडनाव नसते. शिवाय जुन्या पिढीत लग्न झाल्यावर लहानपणीचे नाव बाजूला ठेवून मोठेपणीचे नवे नाव घेण्याची रीत होती. आजेसासऱ्यांचे पेतोकवरील नाव लहानपणीचे होते आणि तेही डच वळणाच्या स्पेलिंगमध्ये लिहिलेले. लेटर चे वहीत मोठेपणीचे नाव होते, तर सासऱ्यांच्या जन्माच्या दाखल्यावर तेच नाव 1972 च्या लेखनसुधारणेनंतरच्या पद्धतीने लिहिलेले होते. कागदांवरून पाहणाऱ्याला ही तीन वेगळी माणसे वाटली असती. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असा दाखला मिळवण्यासाठी मला एर-तेच्या प्रमुखांकडे जावे लागले. एर-ते म्हणजे काही डझन घरांचा शेजारगट, आणि असे अनेक गट मिळून एर-वे होतो. जपानी राजवटीच्या काळात सुरू झालेली ही रचना आजही प्रत्येक सरकारी कामाची पहिली पायरी आहे. आमच्या एर-तेच्या प्रमुख बाई आपल्या घराच्या पुढच्या खोलीत किराणा विकतात आणि शिक्का पैशांच्या खणात ठेवतात. त्यांनी आधी माझ्याकडे काहीच मागितले नाही. वस्तीतल्या दोन वृद्धांना बोलावून घेतले आणि त्यांच्यासमोर प्रत्येक नाव मोठ्याने वाचले. त्यातल्या एका आजोबांना आजेसासऱ्यांच्या लग्नातली नाव बदलल्याची जेवणावळसुद्धा आठवत होती, कारण त्यांच्या आईने तिथे भात शिजवला होता.

याच आजोबांची साक्ष पुढे अधिक मोलाची ठरली. 1997 च्या जमीन नोंदणीच्या नियमावलीत अशी तरतूद आहे की पुरेसे कागद नसतील, तर वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ सद्भावनेने आणि उघडपणे सलग ताबा असल्याचे विश्वासार्ह साक्षीदारांनी सांगितल्यावर नोंदणी करता येते. पुण्यातल्या कामाच्या सवयीने मी कागद जुळवत बसले होते. इथे मला दिसले की या वस्तीत जमिनीचा खरा दप्तरखाना माणसांकडे आहे. महिन्याची अरिसान, म्हणजे बायकांची भिशी, रविवारची सामुदायिक साफसफाई, रात्रीची गस्त, ऑगस्टमधील स्वातंत्र्यदिनाची सजावट, या सगळ्यांतून प्रत्येक घरात कोण राहते, कोणी मागची खोली कधी वाढवली, कोणाच्या विहिरीवर कोणाचा हक्क आहे, हे गल्लीला पक्के माहीत असते. सासूबाई इतकी वर्षे गटाच्या बैठकीला न चुकता जात होत्या, म्हणून त्यांच्यासाठी सही करायला माणसे आपणहून पुढे आली. जे कुटुंब वर्षानुवर्षे दाराला कुलूप लावून बाहेरगावी होते, त्यांना साक्षीदार मिळवताना फार कष्ट पडले आणि ते पाहून मला वाईट वाटले.

मोजणीचा दिवस सर्वांत कठीण होता. तिथल्या नियमाप्रमाणे हद्दीच्या खुणा मालकानेच आधी लावायच्या असतात आणि लगतच्या सर्व शेजाऱ्यांनी समक्ष त्या मान्य करायच्या असतात. आमच्या उजव्या बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, तिथे खुंटी ठोकायला जागाच नव्हती, म्हणून भिंतीच्या जाडीच्या मध्यावर लाल रंगाची खूण केली. छपरांच्या खाली उपग्रहाचे यंत्र नीट चालेना, तेव्हा मोजणीदारांनी पोलादी टेप काढली आणि ती आमच्या स्वयंपाकघरातून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, मागच्या न्हाणीपर्यंत ओढत नेली. डाव्या बाजूला आमच्या छपराची पन्हळ हातभर शेजारणीच्या जागेवर आलेली होती. नकाशा करताना तो मुद्दा निघाला तसे सगळे गप्प झाले. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, “म्बाक यू (ताई), पन्हळ आमची असली तरी खालची जमीन तुमचीच आहे, तसे लिहून घ्या.” शेजारीण म्हणाली, “बू, तुमच्या पन्हळीच्या पाण्यावर माझी झाडे वाढली, ती काढू नका.” मग हद्द जमिनीवर धरली, पन्हळ राहू द्यायची असे साध्या कागदावर लिहिले आणि मुद्रांक लावून दोघींनी सह्या केल्या.

पुढची बाजू मोजल्यावर क्षेत्रफळ पेतोकवरील आकड्यापेक्षा कमी भरले. माझ्या मनात लगेच अतिक्रमणाची शंका आली, पण आजोबांनी खुलासा केला. सुराबायात वस्तीसुधारणेचे मोठे काम झाले, तेव्हा काँक्रीटच्या फरसबंद वाटा आणि गटारे करण्यासाठी घरमालकांनी पैसे आणि श्रम दिले होते, आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाने दारापुढची पट्टीही सोडली होती. या कार्यक्रमातील केबालेन वस्तीच्या कामाला 1986 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि या कार्यक्रमाचा उल्लेख नगररचनेच्या अभ्यासात आदराने होतो. मला तो आमच्या ओट्याच्या कमी झालेल्या रुंदीत दिसला. सासूबाईंनी मोजलेला आकडा मान्य केला. गल्ली रुंद झाली म्हणून सासऱ्यांना शेवटच्या आजारपणात स्ट्रेचरवरून बाहेर नेता आले, एवढेच त्या म्हणाल्या.

त्यानंतर नकाशे आणि नावे 14 दिवस केलुराहानमध्ये लावली गेली. हरकत आली नाही. सासूबाई, माझे पती आणि नणंद या तिघांच्या नावे प्रमाणपत्र निघाले. पूर्वीच्या हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तिकेची सासूबाईंना अपेक्षा होती. आता इलेक्ट्रॉनिक नोंद असते आणि हाती एकच छापील पान येते, ज्यावरील चौकोनी संकेत फोनने तपासता येतो. त्यांचा विश्वास बसावा म्हणून नवऱ्याने तो त्यांच्यासमोर तपासून दाखवला.

नणंदेचे स्वतःचे घर शहराच्या दुसऱ्या भागात आहे आणि तिची अडचण वेगळी आहे. तिथली जमीन महानगरपालिकेच्या हक्काची असून रहिवाशांकडे फक्त वापराचा परवाना आहे, ज्याला सुराबायात सुरात इजो, म्हणजे हिरवे पत्र, म्हणतात. घर तिने बांधले, घरपट्टी ती भरते, आणि जमिनीच्या वापराचे शुल्क वेगळे भरते. या योजनेत अशा जमिनीचे हाक मिलिक होत नाही. सुराबायातील हजारो कुटुंबे याच स्थितीत आहेत आणि त्यांची मागणी मला न्याय्य वाटते, कारण ताब्याची जी साक्ष आमच्या गल्लीत पुरेशी ठरली, तीच साक्ष त्यांच्याकडेही आहे.

प्रमाणपत्र आल्यापासून कर्ज देऊ इच्छिणारे आणि घर विकत घेऊ इच्छिणारे, दोघेही दारी येऊ लागले आहेत. मध्यवर्ती जागा असल्यामुळे हॉटेलसाठी सलग घरे हवी असलेले लोक अशा वस्त्यांत फिरत असतात, हे गल्लीतले सगळे जाणतात. तिघांच्याही सहीशिवाय विक्री होऊ शकत नाही, ही व्यवस्था आम्ही म्हणूनच ठेवली. एकाच नावावर घर करण्याचा सोपा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. आता वार्षिक करपत्रकावर अजूनही असलेले आजेसासऱ्यांचे नाव बदलण्याचा अर्ज दिला आहे, आणि गल्लीच्या टोकाच्या त्या बंद घराच्या वारसांसाठी माझे पती साक्षीदार म्हणून उभे राहणार आहेत.