तुम्ही विचारलंत म्हणून: कलम नऊ, नाकबूल

"तुम्ही नेहमी त्यांच्याच बाजूने कशा काय उभ्या राहता हो?"

हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढताना विचारून झालाय, बार रूममध्ये विचारून झालाय. माझ्या जाऊबाई तो दर दिवाळीला न चुकता विचारतात. गेल्या महिन्यात एका विधी महाविद्यालयात बोलायला गेले होते, तिथे शेवटच्या बाकावरच्या मुलीने उभं राहून विचारला आणि वर जोडलं, "मॅडम, झोप लागते का?" पोरं हसली. मीही हसले. पण घरी येईपर्यंत रिक्षात तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

'त्यांच्या' म्हणजे महानगरपालिकेच्या. 17 वर्षं मी एका महानगरपालिकेच्या पॅनेलवर आहे. तिचं शिक्षण मंडळ होतं तोवर त्याचीही वकील होते. मंडळ गेलं, शिक्षण विभाग आला, तरी लोक अजून मंडळच म्हणतात. कुणाची झोपडी पाडली, कुणाची हातगाडी उचलली, कुणाच्या पोराला शाळेत घेतलं नाही, की तो माणूस घटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात येतो आणि म्हणतो, माझा समानतेचा अनुच्छेद 14 मोडला, जगण्याचा 21 मोडला, शिक्षणाचा 21-क मोडला. समोर काळा गाऊन घालून 'याचिका फेटाळण्यात यावी' म्हणणारी बाई ती मी.

आधी पैशाचं मिटवू. पैशासाठी करत असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी माझी बिलं पाहायला यावं. दोन वर्षांपूर्वीच्या एका बिलावर लेखा विभागाची अजून शंका आहे: 'सदर दिनांकास सुनावणी तहकूब झाली असता फी कशाची?' या शंकेला मी तीनदा लेखी उत्तर दिलंय.

दुसरं, याचिका करणारा प्रत्येक माणूस गरीब बिचारा नसतो. बागेचं आरक्षण वाचवा म्हणून आलेल्या एका जनहित याचिकेतले चारही याचिकाकर्ते एकाच बिल्डरच्या ऑफिसात कामाला निघाले होते. ते शोधून काढलं मी आणि माझ्या ज्युनियरने, भर उन्हात वणवण करून. त्याबद्दल पंगतीत कुणी काही विचारत नाही.

आणि ऑल्गा टेलिस. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या याचिकेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा 1985 चा तो निकाल प्रत्येक भाषणात येतो: उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे. बरोबर, कोर्टाने तसं म्हटलंच. पण त्याच निकालाने मुंबई महापालिका अधिनियमाचं कलम 314 (नोटिशीविना अतिक्रमण हटवण्याचं) घटनाबाह्य ठरवलं नाही, आणि पावसाळा संपल्यावर फुटपाथ मोकळे करायला महापालिकेला वाट ठेवली. हक्क मिळाला, घर गेलं. निकालाचा पहिला अर्धा भाग तुम्ही वाचता, दुसरा अर्धा मी रोज कोर्टात वाचून दाखवते. दोन्ही त्याच निकालात आहेत.

तिसरी गोष्ट माझ्या लेखी सगळ्यात मोठी, पण ती दाखवता येत नाही. माझं निम्मं काम कोर्टात होतच नाही. संध्याकाळी चेंबरमध्ये विधी अधिकारी फाइल घेऊन येतात. ती वाचून मी म्हणते, "साहेब, हे टिकणार नाही. देऊन टाका." लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी द्यायची होती. फाइल चार टेबलांवर फिरून नकाराचा शेरा घेऊन आली होती. तो शेरा मी काढायला लावला. त्या घरातल्या सुनेला नेमणूक मिळाली, याचिका झालीच नाही. तिला माझं नाव माहीत नाही, आणि वकिलीच्या कुठल्या नोंदवहीत ही केस जिंकली म्हणून लागणार नाही.

एवढं म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं. वाटत नाही, त्याचं कारण एक रॅम्प.

पाचवीतला मुलगा. पायांत बळ नाही, खुर्चीवर. महापालिकेची मराठी शाळा, त्याच्या घरापासून दोन गल्ल्या. चौथीपर्यंत वर्ग तळमजल्यावर होता. पाचवीत गेला तेव्हा तळमजल्याच्या दोन खोल्यांत निवडणुकीचं साहित्य कोंबलेलं, म्हणून पाचवीचा वर्ग वर गेला. आई रोज त्याला पाठुंगळी घेऊन जिना चढायची आणि साडेबाराला येऊन उतरवायची. मुख्याध्यापिकेला अर्ज झाले, प्रशासनाधिकाऱ्यांना झाले, मग याचिका. मागण्या तीनच: वर्ग खाली आणा, रॅम्प नीट करा, संडासापर्यंत खुर्ची जाईल असं करा. कायदा पूर्ण त्यांच्या बाजूचा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसाठी अडथळ्याविना प्रवेश लिहिलेला आहे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर शाळांसाठी स्वतंत्र कलम.

फाइल माझ्याकडे आली सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी साडेसहाला. सोबत पॅरावाइज रिमार्क्स. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: याचिकेतल्या प्रत्येक परिच्छेदावर खात्याने आपलं म्हणणं लिहून द्यायचं आणि वकिलाने त्याचं शपथपत्र करायचं. रिमार्क्समध्ये होतं: 'सदर शाळेत रॅम्प उपलब्ध आहे. फोटो सोबत जोडला आहे.' फोटोत रॅम्प होता. पिवळा रंग नुकताच दिलेला, बाजूला पाइपचं रेलिंग. मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीची झेरॉक्स होती, बिल अदा झाल्याचा शेरा होता. याहून जास्त पुरावा कुठला वकील मागतो?

मी वकिली शिकले तालुक्याच्या कोर्टात. तिथे कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, मराठीत. दाव्यातल्या परिच्छेदाला तिथे कलम म्हणतात, आणि आमचे सिनियर डोळे मिटून सांगायचे, "कलम चारमधील मजकूर खोटा व खोडसाळ असून नाकबूल. कलम पाचमधील मजकूर माहितीअभावी नाकबूल." टाइप करणाऱ्या मुलीला पुढचं वाक्य आधीच माहीत असायचं. उच्च न्यायालयात भाषा इंग्रजी, पण हात तोच. त्या रात्री साडेनऊपर्यंत मी शपथपत्र संपवलं. परिच्छेद 9 मध्ये लिहिलं होतं की मुलगा सकाळपासून पाणी पीत नाही, कारण शाळेत संडासाला जाता येत नाही. मी लिहिलं: माहितीअभावी नाकबूल.

दुसऱ्या दिवशी सुनावणी. समोरचा वकील माझ्या ज्युनियरपेक्षा लहान. त्याने काही युक्तिवाद केला नाही, एक फोटो वर दिला. आईने मोबाइलवर काढलेला, व्हरांड्यातून खाली बघत. तोच रॅम्प, तोच पिवळा रंग. पण या फोटोत रॅम्प जिथे संपतो तिथे दाराचा उंबरा दिसत होता, चांगला वीतभर.

न्यायमूर्तींनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. मला विचारलं, "मॅडम, हा रॅम्प तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"मिलॉर्ड, मला मिळालेल्या सूचनांनुसार..."

"सूचना नाही विचारल्या."

ती शाळा माझ्या घरापासून स्कूटरवर 10 मिनिटांवर आहे. भाजीला जाताना तिच्या फाटकावरून जाते मी.

वर्ग आठवड्यात खाली आणा, रॅम्प आणि संडासाचं काम सहा आठवड्यांत करून अनुपालन शपथपत्र द्या, असा आदेश झाला. बाहेर पडले तर कॉरिडॉरमध्ये आई उभी. मला वाटलं चिडून बोलेल, मी तयारच होते. ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? नाकबूल म्हणजे काय हो? आमचे वकीलसाहेब म्हणले, पाण्याचं तुम्ही नाकबूल केलंय."

मी म्हटलं, "तो नुसता शब्द असतो. सगळ्याच केसमध्ये लिहितात."

"म्हंजे तो पाणी पितो असं न्हाई ना लिहिलंय?"

"नाही. तसं नाही."

"मग ठीके," म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

संध्याकाळी शाळेत गेले. शिपायाने फाटक उघडलं. टेप मी घरून नेली होती, ब्लाउजची मापं घ्यायची. जोत्याची उंची दीड फूट भरली. नियम 1:12 चा, म्हणजे एक फूट चढायला 12 फूट लांबी. दीड फुटाला 18 फूट लागतात. हा रॅम्प सव्वासात फुटांचा होता. त्यावर खुर्ची चढवायची तर दोन माणसं लागतील, आणि उतरवायची तर देवच लागेल. शिपाई म्हणाला, "आम्ही खिचडीचं सामान चढवतो की यावरनं. फक्त सिलिंडर तेवढा गडगडत खाली येतो, मग एकानं वरनं धरायचा." संडास मैदानापलीकडे, दोन पायऱ्या चढून.

शपथपत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. रॅम्प उपलब्ध होता. फोटो सोबत होता. मी सतरांदा स्वतःला हे सांगितलंय.

इथपर्यंतची गोष्ट मी पूर्वीही काहींना सांगितली आहे, कारण इथे थांबली तर ती चूक उमगलेल्या वकिलाची गोष्ट होते. पुढचं सांगत नाही. पुढे सहा आठवडे झाले आणि काम झालं नव्हतं. 18 फूट सरळ रॅम्प घातला तर फाटक अडतं, म्हणून वळणाचा नकाशा, नकाशाला मंजुरी, मग निविदा, निविदेला प्रतिसाद नाही, फेरनिविदा. आणि मी, जिने स्वतः टेप लावून तो रॅम्प मोजला होता, त्याच कोर्टात उभी राहून दोनदा मुदत मागितली. 'प्रशासकीय प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे.' दोन्ही वेळा मिळाली. मी चांगली वकील आहे. रॅम्प झाला तेव्हा मुलगा पाचवी पास होऊन दुसऱ्या शाळेत गेला होता.

माझ्यात एक जुनी मी आहे. ती 22 वर्षांची आहे, कॉलेजच्या भित्तिपत्रकात तिने चवदार तळ्यावर लिहिलं होतं. तिला तारखा पाठ. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी ते पाणी प्याल्यावर त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये तो ठराव मागे घेतला. डिसेंबरात दावा दाखल झाला, कोर्टाची मनाई आली, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. ओंजळभर पाण्याला 10 वर्षं. तिने खाली लाल शाईत लिहिलं होतं: नगरपालिका म्हणजे अशीच, ठराव करते आणि घाबरते.

तिला मी म्हणते, बाई, घाबरणाऱ्यालाच वकील लागतो. घाबरलेल्या माणसाला 'ठराव मागे घेऊ नकोस' हे सांगणारं कुणीतरी आत हवं ना? महाडला तसं आत कुणी ऐकलं गेलं असतं तर?

ती म्हणते, तू सांगितलंस का? त्या रात्री साडेसहाला?

मी म्हणते, मी ते ब्रीफ परत केलं असतं तर पॅनेलवरच्या पुढच्याने घेतलं असतं. तो संध्याकाळीसुद्धा शाळेत गेला नसता.

ती म्हणते, संध्याकाळी जाऊन काय केलंस?

रतलाम नगरपालिकेविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा 1980 चा निकाल तिला नंतर कळला, मला रोज लागतो. गटारं आणि संडास करायला नगरपालिकेकडे पैसा नाही, ही सबब न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ऐकून घेतली नाही. सबब चालत नाही हे मला ठाऊक आहे. तरी आजवर ती कितीदा मांडली असेल, मोजलेलं नाही. शब्द बदलते मी. 'निधीअभावी' ऐवजी 'टप्प्याटप्प्याने' लिहिते. ते अजून चालतं.

जाऊबाईंना मी सांगते की खुन्यालाही वकील मिळतो. त्यांना ते पटतं, मला पटत नाही. खुनी कर भरायला सांगत नाही. महापालिका ज्या पैशातून माझं बिल देते (देते तेव्हा) त्यात त्या आईच्या घरपट्टीचेही काही पैसे आहेत. तिच्याच पैशाने मी तिचं कलम नऊ नाकबूल केलं. याला उत्तर असेल तर मला सुचलेलं नाही, आणि पॅनेलचं नूतनीकरणाचं पत्र आलं तेव्हा मी सही करून परत पाठवलं, हेही खरं.

एक बदल मात्र केलाय. 'माहितीअभावी नाकबूल' लिहिण्याआधी मी आता विधी अधिकाऱ्यांना फोन करते, "माहिती घ्या ना मग." ते म्हणतात, मॅडम, तुम्ही फार खोलात जाता. कधी माहिती येते, कधी तारीख आधी येते.

सध्या टेबलावर आहे ती फाइल एका वस्तीतल्या मुलींच्या शाळेची. पाण्याची टाकी गळते, संडासांना पाणी नाही, असं पालकांचं म्हणणं. रिमार्क्स आलेत: 'टाकी दुरुस्त करण्यात आलेली आहे.' फोटो जोडलाय. फोटोत टाकी आहे, नळ दिसत नाही. सोमवारी कोर्टाच्या बोर्डावर आहे, आज शुक्रवार. उद्या जाईन म्हणतेय, पण उद्या भाचीचा साखरपुडा आहे.