नववीचे गणित आणि चार वर्षांची आखणी : कॅलिफोर्नियातील माझा अनुभव

पुण्याहून कॅलिफोर्नियात आल्यावर लेकीला इथल्या सार्वजनिक हायस्कूलच्या नववीत घालताना मला सर्वाधिक मनस्ताप झाला तो तिचा गणिताचा वर्ग ठरवताना, आणि तो राग अजून पुरता ओसरलेला नाही. पत्त्याचा पुरावा, लसीकरणाच्या नोंदी, जन्मदाखला हे सारे विनासायास पार पडले. अडले ते एकाच ठिकाणी. पण त्या एका ठिकाणावर पुढच्या चारही वर्षांची मांडणी अवलंबून असल्याने सविस्तर लिहीत आहे.

इथले हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. दहावीची बोर्डाची परीक्षा नाही, अकरावीला विज्ञान की वाणिज्य असा प्रश्न नाही, आणि म्हणूनच निवड नववीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते हे आपल्याकडच्या पालकांच्या लवकर लक्षात येत नाही. प्रत्येक विषय पूर्ण केल्याबद्दल सेमिस्टरनुसार क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, मिळते. बहुतेक ठिकाणी एका सेमिस्टरला 5. राज्याच्या कायद्याची किमान अट अशी आहे : इंग्रजी 3 वर्षे, सामाजिक शास्त्रे 3, गणित 2, विज्ञान 2, शारीरिक शिक्षण 2, आणि कला, इंग्रजीव्यतिरिक्त एखादी भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी कशाचे तरी 1 वर्ष. गणितात अल्जेब्रा वन किंवा त्याच्या तोडीचा अभ्यासक्रम झालाच पाहिजे. यावर प्रत्येक डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणारी स्थानिक संस्था, स्वतःच्या अटी चढवते, त्यामुळे शेजारच्या गावातील मैत्रिणीने दिलेली यादी आपल्याला लागू पडेलच असे नाही.

पण ही झाली केवळ डिप्लोमाची, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राची यादी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी यांची प्रवेशासाठीची यादी निराळी आहे. तिला ए टू जी म्हणतात. तिच्यात वर्षभराचे 15 विषय आहेत : इतिहास-नागरिकशास्त्र 2, इंग्रजी 4, गणित 3, विज्ञान 2, इंग्रजीव्यतिरिक्त भाषा 2, कला 1 आणि ऐच्छिक 1. या सर्वांत किमान सी ग्रेड लागते. डी मिळालेल्या विषयाचे क्रेडिट शाळा देते, मूल डिप्लोमाही मिळवते, पण विद्यापीठाच्या लेखी तो विषय झालेलाच नसतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी यांतील 11 विषय बारावी सुरू होण्यापूर्वी संपलेले असावे लागतात. नववीचे ग्रेड तिथे सरासरीत धरत नाहीत, हे ऐकून काही पालक निर्धास्त होतात. सीची अट मात्र नववीच्या विषयांनाही आहेच. हे विद्यापीठ 2021 पासून एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण विचारातच घेत नाही, त्यामुळे मुलाने कोणते विषय घेतले आणि त्यांत काय मिळवले यालाच सारे वजन आले आहे.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे वळते. आमच्या शाळेत गणिताची वाट ठरलेली आहे : अल्जेब्रा वन (बीजगणित), जॉमेट्री (भूमिती), अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस (कलनशास्त्र). नववीत अल्जेब्रा वनपासून सुरुवात केली तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोहोचता येते. त्यापुढे जायचे तर उन्हाळ्यात जादा कोर्स घ्यावा लागतो, नाहीतर एकाच वर्षी गणिताचे दोन वर्ग. भौतिकशास्त्राचा वर्ग कधी मिळणार हेही आमच्या शाळेत गणितावरच ठरते. लेकीला अभियांत्रिकीकडे जायचे आहे, त्यामुळे तिने नववीत जॉमेट्रीपासून सुरुवात करावी असा आमचा विचार होता आणि तिची तयारीही होती.

शाळेला हवा होता तो कागदावरचा पुरावा. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या तिच्या आठवीच्या प्रगतिपत्रकावर ‘गणित’ असा एकच विषय आणि त्यापुढे श्रेणी. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती आठवीपर्यंत एकाच पुस्तकात येतात आणि नववीत गणिताचे दोन भाग होतात, हे इथल्या कार्यालयाला माहीत असण्याचे कारण नाही, ते मी समजू शकते. परंतु समजावून सांगितल्यावरही ते ऐकून घेण्याची तयारी कोणाचीच नव्हती, हे मला आजही पटत नाही. खिडकीवरच्या बाईंनी काउन्सेलरकडे, म्हणजे विषयनिवडीत मार्गदर्शन करणाऱ्या शाळेतील समुपदेशकाकडे, पाठवले. काउन्सेलरने सांगितले की हा निर्णय गणित विभागाचा. गणित विभागाने सांगितले की परदेशी गुणपत्रकाचे मूल्यमापन डिस्ट्रिक्टचे कार्यालय करते, ते आल्याशिवाय आम्ही काही करणार नाही. डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाने सांगितले की वर्ग ठरवणे हे शाळेचे काम. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचे वाक्य तेच : तूर्त अल्जेब्रा वनमध्ये बसू द्या, पुढे बघू.

त्या ‘तूर्त’चा मला विलक्षण संताप आला, कारण त्याच कार्यालयाच्या दारावर विषय बदलण्याची अंतिम तारीख चिकटवलेली होती. ती तारीख उलटली की तूर्तचे कायम होणार, हे समोर दिसत असताना शांतपणे वाट पाहा असे सांगणे हा मुलांवर अन्याय आहे. लेक रोज घरी येऊन सांगत होती, ‘आई, आज पुन्हा एकचल समीकरणेच झाली.’ ती तिने सातवी-आठवीतच सोडवली होती.

मार्ग सापडला तो कायद्यात. कॅलिफोर्नियात 2015 मध्ये मॅथेमॅटिक्स प्लेसमेंट ॲक्ट झाला. नववीत येणाऱ्या मुलांना गणिताच्या कोणत्या वर्गात घालायचे याचे धोरण न्याय्य, वस्तुनिष्ठ आणि पारदर्शक असले पाहिजे, ते संकेतस्थळावर प्रसिद्ध केले पाहिजे, एकाहून अधिक निकष वापरले पाहिजेत, शाळा सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात एकदा तरी फेरतपासणी झाली पाहिजे आणि निर्णय मान्य नसलेल्या पालकांना दाद मागण्याचा स्पष्ट मार्ग दिला पाहिजे, असे तो सांगतो. आमच्या डिस्ट्रिक्टचे धोरण संकेतस्थळावर होते, परंतु शाळेच्या पानावरून तिथे पोहोचता येत नव्हते. डिस्ट्रिक्टच्या मंडळाच्या धोरणांच्या लांबलचक यादीतून ते शोधून काढावे लागले. त्यातील पहिल्या महिन्याच्या फेरतपासणीचे वाक्य जसेच्या तसे उतरवून मी काउन्सेलर, विभागप्रमुख आणि उपमुख्याध्यापक यांना एकाच ईमेलमध्ये लिहिले आणि माझी मागणी एकाच ओळीत मांडली : कागद पुरेसा वाटत नसेल तर मुलीची परीक्षा घ्या.

त्याबरोबर एक तक्ता जोडला, आणि माझ्या मते खरे काम त्यानेच केले. बालभारतीची पुस्तके ईबालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि तीही इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न आला नाही. डाव्या रकान्यात अल्जेब्रा वनचा एकेक घटक, उजव्या रकान्यात आपल्या पुस्तकातील प्रकरण : विस्तारसूत्रे, बैजिक राशींचे अवयव, बहुपदींचा भागाकार, एकचल समीकरणे, घातांक, चलन. दोन चलांतील रेषीय समीकरणे आठवीच्या पुस्तकात नाहीत, ती नववीत येतात. वर्गसमीकरणे तर दहावीत. त्या दोन ओळींपुढे मी स्पष्ट लिहिले की हे भाग मुलीने सुट्टीत नववी-दहावीच्या पुस्तकांवरून केले आहेत आणि नेमके हेच तपासून पाहावे. जे झालेले नाही ते झाले म्हणून सांगू नये. परीक्षेत ते उघड होतेच, आणि शाळेचा विश्वास जातो तो वेगळाच.

उत्तर मात्र त्वरित आले. शाळेने एका दुपारी अल्जेब्रा वनची वर्षअखेरची परीक्षा घेतली, लेकीने ती उत्तम सोडवली आणि पुढच्याच आठवड्यात ती जॉमेट्रीच्या वर्गात बसली. पेपर तपासणाऱ्या शिक्षिकेने तिला आपणहून सांगितले की आलेख काढण्याचा सराव थोडा वाढव. इतक्या दिवसांत तिच्या गणिताबद्दल बोललेली ही पहिलीच व्यक्ती. लेकीने सुट्टीभर स्वतः बसून केलेल्या अभ्यासाचा मला फार अभिमान वाटला.

भाषेच्या अटीबद्दल एक गोष्ट राहिली. ज्यांच्या मुलांनी सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत काढली आहेत, त्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया इंग्रजीव्यतिरिक्त भाषेची अट त्याच आधारावर पूर्ण झाली असे धरते. स्पॅनिश घ्यावीच लागते असे नाही. मात्र शाळेच्या डिप्लोमासाठी डिस्ट्रिक्टची भाषेची अट स्वतंत्र असू शकते, तेव्हा तीही विचारून घ्यावी. आमची मुलगी इंग्रजी माध्यमाची, म्हणून तिने स्पॅनिश घेतले. कलेच्या बाबतीत बाहेरच्या क्लासमधील भरतनाट्यम आमच्या शाळेने धरले नाही. शाळेतलाच वर्षभराचा कलाविषय घ्यावा लागला.

विषयपत्रिका भरताना विषयाच्या नावावर विसंबू नये. आपल्या शाळेचा कोणता विषय ए टू जीमध्ये मान्य आहे याची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावाने पाहता येते. विज्ञानाच्या आणि ऐच्छिक विषयांच्या बाबतीत हे अवश्य पाहावे, कारण डिप्लोमाला चालणारा विषय तिथे नसूही शकतो. ज्यांची मुले 2030-31 मध्ये बाहेर पडतील त्यांच्यापासून वैयक्तिक अर्थव्यवहाराचा एक सेमिस्टरचा कोर्सही राज्याने सक्तीचा केला आहे. चार वर्षांच्या कागदावर त्याला आताच जागा ठेवावी.

आणि जे अजून भारतातच आहेत त्यांच्यासाठी : शाळा सोडल्याचा दाखला घेतानाच सहावी ते आठवीची प्रगतिपत्रके मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह इंग्रजीत घ्यावीत, आणि त्याच वेळी शाळेच्या पत्रावर गणिताच्या प्रकरणांची यादीही मागून घ्यावी. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी हे करावे, कारण नंतर सही करायला कोणी भेटत नाही आणि इथली शाळा ऑगस्टमध्येच सुरू होते.