दुपट्यांची नोंदवही: 17 फेऱ्यांचा हिशोब

दिवाळीनंतर

पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कुटुंबं द्राक्षबागांच्या आणि बांधकामाच्या कामाला नाशिकला उतरली, की शिमग्यापर्यंत असतात. या हंगामात आमच्या गोधडी शिवणाऱ्या बायकांच्या गटात मोठी गोधडी बंद, फक्त बाळांची दुपटी. 44×72 इंचांच्या गोधडीला इंच-इंच अंतरावर धावदोरा घातला तरी शिवण 80 मीटर भरते. दिवसभर थिनिंग (द्राक्षघडातले मणी विरळ करणं) करून आलेल्या बाईला संध्याकाळी चूल आवरून तासभर मिळतो. होळी आली की अर्धी गोधडी कपाटात, आणि पुढच्या वर्षी ती बाई याच मुक्कामी येईल याचा भरवसा नाही. दुपट्याची शिवण 38 मीटर. तेही अर्धवट राहिलं तर दुसरीच्या हाती देता येतं. ते कसं द्यायचं, हाच या वर्षीचा मुख्य धडा. तो पुढे.

कापड

माप जुनंच: 36×44 इंच. एक वार म्हणजे 36 इंच आणि सुती साडीचा पन्हा साधारण 44, म्हणून वारागणिक एक थर निघतो. सहावारीचे सहा, नऊवारीचे नऊ. चार थरांचं दुपटं धरलं तर दोन सहावारींत तीन दुपटी होतात आणि चिंधीही उरत नाही. जोडून आलेला ब्लाउजपीस ठिगळांसाठी बाजूला ठेवायचा.

दान आलेल्या साड्यांत सिंथेटिकच जास्त. कोपऱ्यातले चार धागे ओढून जाळून बघायचे: कागदासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे सुती, वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. एकाच दुपट्यात दोन्ही घालू नका. पहिल्या धुण्यात सुती थर आटतो, सिंथेटिक आटत नाही आणि मग पृष्ठभागावर सुरकुत्यांचे डोंगर उभे राहतात. शिवाय सिंथेटिक घाम शोषत नाही, चुलीजवळ ठिणगी पडली तर ते अंगाला चिकटतं. बाळाच्या अंगाखाली ते नकोच.

कापण्याआधी फॉल उसवा. हे दोन ठिकाणी राहून गेलं आणि दोन्ही दुपट्यांची एक कड धुतल्यावर वाकडी झाली, कारण साडी सुती आणि फॉल पॉलिस्टरचा. जरीचे काठही काढायचे: सुई अडते, बाळाला टोचतं. काठ गेल्यावर पन्हा 40 च्या आत येतो, तेव्हा असे तुकडे साध्या सुती कापडाची पट्टी जोडून आतल्या थराला वापरावेत. पूर्वी विरलेल्या लुगड्याला दंड (विरलेला भाग काढून दिलेला जोड) घालत, तसंच. फक्त दोन थरांचे दंड एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर तिथे सुई मोडते.

कापड विरलंय का ते अंगठ्यांनी बघायचं. दोन्ही अंगठे शेजारी दाबून कापड ताणा. चर्र वाजलं तर टाकून द्या. उजेडात जाळी दिसली पण फाटलं नाही, तर ते आतल्या थराला चालतं. लाल, काळं, गडद निळं कापड ओल्या पांढऱ्या फडक्यात दहा मिनिटं दाबून ठेवा. फडकं रंगलं तर ते दुपट्यात नाही. रंग पक्का करायला मीठ-तुरटीवर विसंबू नका.

मांडणी

वरचा आणि खालचा थर पूर्ण मापाचा. आतले दोन थर चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच कमी कापायचे आणि बाहेरच्या दोन थरांच्या कडा त्यांच्यावर आत दुमडायच्या. चारही थर दुमडले तर कडेला आठ पदर होतात. आता सहाच होतात, आणि अंगुस्तान नसलं तरी सुई जाते. (तरी अंगुस्तान घालाच.) दुमडल्यावर माप 35×43.

मग ताडपत्रीवर पसरून कच्चे टाके. मधून सुरुवात करून तळव्याने बाहेरच्या बाजूला सारवत जायचं, दोन ओळींत वीतभर अंतर. कडेकडून कच्चे टाके घातले की जास्तीचं कापड मधे गोळा होतं, पक्की शिवण आत सरकते तसं ते आणखी ढकललं जातं आणि शेवटी पोट येतं. एकदा पोट आलं की उसवण्याशिवाय इलाज नाही. दाबून शिवलं तर चुणी कायमची.

17 फेऱ्या

फेरी म्हणजे चारही कडांना समांतर घातलेला धावदोरा. पहिली फेरी कडेपासून अर्धा इंच आत, पुढच्या एक-एक इंच आत. पहिली फेरी 152 इंचांची, दुसरी 144, तिसरी 136. दर फेरीला 8 इंच कमी होत 17 वी 24 इंचांची. बेरीज 1496 इंच, म्हणजे 38 मीटर. टाका 6 मिलिमीटर, अंतर तेवढंच.

गेल्या हंगामात अर्धवट दुपटं दुसरीकडे गेलं की मजुरी फेऱ्या मोजून वाटली जायची. ते सरळ अन्यायाचं होतं. पहिल्या सहा फेऱ्या 17 तल्या जेमतेम तिसरा हिस्सा वाटतात, पण त्यांची लांबी 792 इंच होते, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम. गावी परतणारी बाई नेमक्या याच बाहेरच्या फेऱ्या घालून जाते आणि पैसे मिळायचे एक तृतीयांशाचे. आता 17 आकडे लिहिलेला पुठ्ठा भिंतीवर लावला आहे आणि मजुरी मीटरवर आहे.

दुसरी भानगड हाताची. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल; मधेच हात बदलला की तिथून कापड वेगळं गोळा होतं. म्हणून दुपटं फेरी संपल्यावर कोपऱ्यावरच हातबदल करतं, बाजूच्या मधे नाही. प्रत्येकीचा दोऱ्याचा रंग ठरलेला. हातांमधला फरक मग नक्षीसारखा दिसतो आणि कुणाच्या किती फेऱ्या हे वहीशिवाय कळतं. रंगीत दोऱ्याचा वीतभर तुकडा आधी पांढऱ्या चिंधीत गुंडाळून उकळा. बाळं दुपटं चोखतात.

दोरा मीटरभर कापून दुहेरी. गाठीला आणि शेपटीला 8 सेंटिमीटर जातात, थरांच्या जाडीत सुमारे 15 टक्के मुरतो. म्हणजे दुपट्याला 104-105 मीटर. लांब दोरा घेऊन वेळ वाचत नाही, तो पिळतो आणि सुईच्या नेढ्यात झिजतो. गाठ दोन थरांच्या मधे ओढून लपवायची. कोपऱ्याच्या बिंदूवर एक टाका आलाच पाहिजे. तो चुकवला की प्रत्येक फेरीत कोपरा थोडा गोल होतो आणि शेवटचा चौक अंड्यासारखा.

सातपूरकडच्या बिहारी ताई सुजनीवाल्या; सुजनी म्हणजे त्यांच्याकडची भरतकामाची गोधडी. त्यांच्या पद्धतीत आधी साखळी टाक्याने आकृती, मग धावदोऱ्याने भरण. तिथेही सुजनी जुन्या कापडाची आणि बाळासाठीच, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. दोन्ही जमवताना 13 व्या फेरीवर थांबायचं. मधे 10×18 इंचांचा चौक उरतो, त्यात सुजनी. चौकाला जादा कच्चे टाके हवेत आणि साखळी सैल हवी, ओढली की चौक आकसतो.

सुया

मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. मोडकी सुई दोन्ही तुकड्यांसह डबीत आली तरच नवी. तयार दुपट्यावरून दोन्ही बाजूंनी जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवल्याशिवाय घडी घालायची नाही. बागेत डिपिंग (द्राक्षघड औषधात बुडवणं) चालू असेल त्या दिवसांत शिवायला बसण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, औषधाचा हात दुपट्याला नको.

शिमग्याआधी

आठ दुपटी पूर्ण, पाच हातबदलावर, त्यांतली दोन नवव्या फेरीच्या पुढे. द्राक्षवेलींच्या खरड छाटणीला एप्रिलमध्ये परत येणाऱ्यांसाठी दोन दुपट्यांचे कोरे थर लावून ठेवले आहेत. भात-नागलीसाठी त्या जूनमध्ये पुन्हा गावी जातील. दान आलेल्या सगळ्या साड्या त्याआधी उकळून, मेच्या उन्हात वाळवून पेटीत गेल्या पाहिजेत. पावसात धुतलेल्या साडीचा कुबट वास शिवल्यावर निघत नाही.