तलाव साफ करून राहिलो!

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या काठाने आमची निसर्गवाट जाते. शाळेची पोरं आणि पक्षी बघायला आलेले पाहुणे यांना तिथून फिरवणं हे माझं काम. श्रावणातल्या एका सकाळी वाटेवर आलो, तर पाण्यात दोन डोंगे आणि कमरेएवढ्या पाण्यात विळे घेऊन उभी माणसं.

"मत्स्यबीज टाकाचं आहे जी, तलाव साफ करून राहिलो."

साफ म्हणजे काय, तर पाण्यात हिरवं दिसेल ते उपटायचं. काठचं देवधान म्हणजे जंगली भात, लव्हाळा, मधलं कमळ, कुमुदिनी, तळाचं हायड्रिला, सगळं 'कचरा'. पारीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, लागून माजलेल्या बेशरमीच्या झुडपांना मात्र कोणी हात लावत नव्हतं. तिची फुलं छान दिसतात म्हणे! ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत, आणि तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला की तिथेच मूळ धरतो. बेशरम हे नाव ज्याने ठेवलं त्याला मानलं पाहिजे.

मी एका डोंग्यात बसलो. थोड्याच अंतरावर लांब शेपटीचा कमळपक्षी पंख मोडल्यासारखा पाण्यावर फडफडायला लागला. हे त्याचं सोंग असतं, म्हणजे अंडी जवळच. तरंगत्या पानांवर चार अंडी होती, पॉलिश केल्यासारखी तपकिरी. हा नर, मादी अंडी घालून दुसरा नर शोधते आणि उबवण्यापासून पिल्लं सांभाळण्यापर्यंत सगळं याच्याच गळ्यात, असं सांगितल्यावर बायकांत जो हशा पिकला! "असा नवरा पायजे होता बाई."

पण हसून झाल्यावर विळे पुन्हा चालू. चार अंड्यांसाठी रोजी कोण बुडवणार? हात थांबले ते मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या बोलण्याने. "सारंच काढसान तं मरळ कोठं राहीन?"

मुद्दा तोच होता. रोहू, कटला, मृगळ वाहत्या पाण्याचे मासे. साचलेल्या तलावात ते अंडी घालत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज विकत आणावं लागतं. मरळ, शिंगी इथेच वाढतात, फुकट. मरळ गवतात मोकळी जागा करून तिथे अंडी घालते आणि नर राखण करतो. गवत गेलं की मरळही गेली, आणि बाजारात तिचा भाव रोहूपेक्षा किती चढा असतो ते मी ढिवरांना काय सांगणार!

दुपारपर्यंत पारीवर बसून वाद झाला. मच्छीमार संस्थेचा एक सभासद शेवटपर्यंत ऐकेना. जाळं अडकतं हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतंच. ठरलं ते असं: घाटाजवळचा भाग आणि जाळं ओढायच्या पट्ट्या मोकळ्या करायच्या, बाकी वनस्पती राहू द्यायच्या. बेशरम उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर, सब्बलीने मुळासकट काढून पारीपलीकडे वाळवायची. त्या कामाची मजुरी कोण देणार, यावर मात्र ग्रामपंचायत आणि संस्था अजून एकमेकांकडे बोट दाखवून राहिले आहेत.