तिसरी बॅटरी मी विकली नाही

डिसेंबरातली गोष्ट. घाटंजी-पांढरकवडा रोडवर माझं छोटं गॅरेज आहे, सकाळी साडेसातला शटर वर केलं तर समोर बैलबंडी उभी आणि बंडीत दोरानं आवळून बांधलेली १०० सीसीची मोटारसायकल. काकाजी साठीच्या पुढचे, कानाला दुपट्टा, रात्रभराच्या जागरणानं डोळे लाल.

"भाऊ, गाडी चालू होऊन नाही राहिली. बॅटरीच गेली. नवी टाकून द्या, पैसे आणले मी."

खिशातून पाचशेच्या तीन नोटा काढल्या. मी विचारलं, आधीची कधी टाकली? तर म्हणे पोळ्याच्या वक्ती एक टाकली, दिवाळीले दुसरी. चार महिन्यांत दोन! आणि ज्या दुकानात टाकल्या तिथल्या माणसानं दोन्ही वेळा मीटर लावून पाहिलंच नाही, जुनी काढली नवी ठोकली, पैसे घेतले. मला खरंच राग आला. दीड हजार म्हणजे त्या माणसाच्या कापूस वेचाईच्या मजुरीचे पैसे असतात हो.

गाडी खाली घेतली. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) पाहिला, तो बरोबर होता. चावी ऑन केल्यावर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा बारीक आवाज येतो, तो आलाच नाही. सेल्फ दाबला की नुसतं टक टक टक. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या बॅटरी मेली तरी किकवर निघायच्या, पण या २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत बॅटरी पार बसली की पंपच प्रेशर बनवत नाही, मग किक मारून पायाची वाट लागते फक्त. मीटर लावलं, ११.२ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, ११.२ म्हणजे रिकामी टाकी.

माझ्या गॅरेजातला पोट्टा तोवर नवी बॅटरी घेऊन उभाच. मी म्हटलं ठेव ती.

गॅरेजच्या बॅटरीवरून वायर लावली तर गाडी एका सेल्फवर चालू. रेस देऊन पुन्हा मीटर पाहिलं, १४.२. म्हणजे रेग्युलेटर ठीक, चार्जिंग ठीक. मग गाडी बंद करून निगेटिव्ह काढली आणि मीटर मध्ये लावून पाहिलं की कुठे करंट गळतो का, तर एक मिलीअँपिअरही नाही. वायरिंग ठीक, चार्जिंग ठीक, बॅटरी दीड महिन्याची, आणि तरी रिकामी. अर्धा तास मी नुसता बसून विचार करून राहिलो होतो.

शेवटी बॅटरी काढून उन्हात टेबलावर ठेवली. तेव्हा दिसलं. दोन्ही टर्मिनलच्या बोल्टांवर बारीक बारीक दातांच्या खुणा, उंदरानं कुरतडल्यासारख्या, चकचकीत आणि ताज्या. साइड कव्हरच्या स्क्रूची खाचही घासून गुळगुळीत झालेली. हे कव्हर कोणीतरी रोज उघडतं.

"काकाजी, बॅटरीले चिमटे कोण लावते?"

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जागलीले लावतो ना भाऊ. हरभऱ्यात डुकरं येतात, रोही (नीलगाई) येतात. टिपेश्वरचं जंगल दूर नाही आमच्या वावरापासून, वाघाचं भेव. अंधारात कसं बसाव मचाणावर? पोरानं बल्ब बांधून देला."

१० वॅटचा एलईडी. म्हणजे १२ व्होल्टवर पाऊण-एक अँपिअर. गाडीची बॅटरी ५ अँपिअर-अवरची, सहा तासांत ती पार कोरडी. आणि सकाळी घर ते वावर दोन किलोमीटर, पाच-सात मिनिटांत काय भरणार, त्यातही २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू, तो आपला वाटा घेतोच. ही बॅटरी सेल्फला दोन सेकंद जोर द्यायला बनवलेली असते, रात्रभर जळायला नाही. रोज अशी तळाशी नेली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर बसतो, कडक होतो, मग कितीही चार्ज करा तो जात नाही. वरून थंडी. आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात बॅटरी आतून खराब होते आणि थंडीत ऑइल जाड झालं, सेल्फवर जोर पडला की उघडी पडते. पोळ्याला बदललेली जुनी बॅटरी तशीच गेली असेल, दिवाळीला टाकलेलीचं नक्की या बल्बामुळे झालं.

आता त्यांना "बल्ब लावू नका" म्हणणं सोपं होतं, पण वाघाच्या इलाक्यात माणसाला अंधारात बसा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? मग विचारलं, फवारणीचा बॅटरी पंप आहे का घरी? आहे म्हणे, कोठ्यात टांगला आहे. त्यात १२ व्होल्ट ८ अँपिअरची बॅटरी असते, सोबत चार्जर असतो आणि कपाशीची फवारणी संपली की पंप तसाही पडूनच असतो.

त्यांची बॅटरी अर्ध्या अँपिअरवर सावकाश रात्रभर चार्ज केली. घाईनं जास्त करंट दिला की तापते, फुगते. दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास तशीच ठेवून पाहिली तर १२.५, सेल्फ मारताना १० च्या खाली गेली नाही. पहिल्यासारखी नाही होणार, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, पण वर्षभर तरी ओढेल. लावताना आधी पॉझिटिव्ह मग निगेटिव्ह, काढताना उलटं, हे त्यांच्या पोराला दाखवलं. पंपाच्या बॅटरीतून बल्बाची वायर काढून दिली, मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज टाकला आणि बल्ब मंद झाला की लगेच बंद करायचा, पार विझेपर्यंत जाळायचा नाही, हे दोनदा सांगितलं.

चार्जिंगचे शंभर रुपये घेतले. काकाजींनी जाताना पिशवीतून ते दोन चिमटे काढून टेबलावर ठेवले, "हे तुमच्यापाशीच राहू द्या." लाल रंग उडालेला, दातांत गंज. आता माझ्या जंप वायरला तेच लावले आहेत.