चुलीसाठी ना-हरकत

आमच्या गाईड पथकाचा एक दिवसाचा मेळावा यंदा महापालिकेच्या बागेलगतच्या मैदानावर घ्यायचा ठरला. मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी, सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते बिनभांड्यांच्या स्वयंपाकापाशी.

मुली चुली पेटवतील, असं अर्जात सरळ लिहिलं होतं. टेबलावरच्या बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "विस्तव आहे ना? मग अग्निशमनचं ना-हरकत आणा." अग्निशमनवाले म्हणाले, मांडव-स्टॉल असतील तर देतो, चार चुलींना कसलं ना-हरकत? बरं, तसं लेखी द्या म्हटलं, तर तेही देईनात. परत आले तर बाई रजेवर, आणि त्यांच्या जागी बसलेल्या गृहस्थांना अर्जच सापडेना. माझ्याकडे आवक क्रमांकाची पोच होती म्हणून फाइल निघाली. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. "राहू द्या, मी ठेवते" म्हणणाऱ्यांपाशी तर मुळीच नाही. निघालेली फाइल उद्यान विभागात गेली. तिथे साहेब साइटवर. दुसऱ्या दिवशीही साइटवर. हे साहेब खुर्चीत कधी बसतात, हे शिपायालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी वैतागून मी बागेतच गेले. तिथले सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, आगीचं काही नाही हो. मागे कुणीतरी पार्टी करून हिरवळ जाळली, तेव्हापासून साहेब चिडलेत." एवढं कार्यालयात कुणी सांगायचं की नाही!

त्याच रात्री उंच चुलीचं चित्र काढलं. काठ्यांचा कमरेएवढा चौथरा, कोपऱ्यांना स्क्वेअर लॅशिंग (काटकोनात ठेवलेल्या काठ्या दोरीच्या वेढ्यांनी बांधणं), वर आडव्या काठ्या, ओलं पोतं, वीतभर ओल्या मातीचा थर आणि त्यावर विस्तव. खाली गवताला धग लागत नाही. चित्र जोडलं आणि मेळाव्याच्या आदल्या दुपारी सही झाली. साहेब होते, जागेवर!

लॅशिंगला नायलॉनची दोरी नको, घसरते. सुतळी किंवा काथ्या घ्या. सुरुवात आणि शेवट क्लोव्ह हिचने, म्हणजे काठीला दोर अडकवायच्या गाठीने. दोन काठ्यांच्या मधून घ्यायचे आवळ्याचे वेढे मुली हमखास सोडतात, आणि चौथरा डुगडुगतो तो त्यामुळेच. प्रथम सोपानच्या, म्हणजे गाईडच्या पहिल्या परीक्षेच्या, गाठी येणाऱ्या मुलींनाच कोपरे द्या. आमचे चारही चौथरे शेवटपर्यंत हलले नाहीत, हे मी त्या बाईंना मुद्दाम जाऊन सांगणार आहे. निखाऱ्यांत बटाटे भाजले, केळीच्या पानात पानग्या केल्या, कांदा कोरून त्यात अंडं शिजवलं. कांदा मोठाच आणा, छोट्यात अंडं मावत नाही.

हो, मैदानाच्या अनामतीची पावती जपून ठेवा, झेरॉक्स चालत नाही. आमची अनामत अजून मिळालेली नाही. फाइल लेखा विभागात आहे म्हणे.